हाडांत राहून जाणारं औषध

आजचा विषय औषधाचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही. कुणी कुठलं औषध घ्यावं किंवा बंद करावं, हे आमचं ऐकून कुणी ठरवू नये. आम्ही सांगणार आहोत तो एका औषधाचा इतिहास. त्यातले काही प्रश्न रसायनशास्त्राचे असले तरी काही आमच्या अंगणातले आहेत, म्हणून हे धाडस.

सोलापूरकरांना जड पाणी म्हणजे काय ते समजावून द्यायला नको. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षभरात गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली बसते. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना तर ही खपली म्हणजे मोठाच ताप. कोळसा जास्त जळतो, नळ्या बुजतात, बॉयलरला धोका. १८७० च्या दशकात इथे जुनी मिल उभी राहिली, तेव्हापासून किती फिटरांनी बॉयलरमध्ये उतरून ती खपली खरवडली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

ही खपली धरूच नये म्हणून पाण्यात टाकायची काही द्रव्यं असतात. फॉस्फेटच्या जातकुळीची. त्यांतलं एक घराणं म्हणजे बिस्फॉस्फोनेट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ही द्रव्यं जर्मनीत पहिल्यांदा तयार झाली आणि पुढची शंभर वर्षं कापड, खत, तेल अशा उद्योगांत राबली. माणसाच्या हाडांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

तो संबंध जुळला तो एका साध्या प्रश्नातून. आपल्या रक्तात आणि लघवीत चुना आणि फॉस्फेट एवढ्या प्रमाणात असतं, की खरं म्हणजे आपण आतून गिझरच्या कॉइलसारखे व्हायला पाहिजे. तसं का होत नाही? १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या हर्बर्ट फ्लाइश यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं एक उत्तर शोधलं. शरीरात पायरोफॉस्फेट नावाचं द्रव्य असतं, ते खपली धरू देत नाही. पण ते औषध म्हणून पोटात दिलं की टिकत नाही, फुटून जातं. मग त्याच्यासारखंच दिसणारं पण न फुटणारं काही आहे का? होतं, कारखान्यांत होतं. १९६९ साली फ्लाइश, ग्रॅहम रसेल आणि अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचे मॅरियन फ्रान्सिस यांनी त्यावरचे लेख प्रसिद्ध केले. साबण बनवणारी ही कंपनी इथे कशी, याचं आता तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही.

त्या प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट सापडली. हे द्रव्य खपली धरण्याला तर अटकाव करतंच, पण असलेलं हाड विरघळण्यालाही अटकाव करतं. इथे थोडं थांबलं पाहिजे. हाड म्हणजे दगड नव्हे. हाडात सतत पाडकाम आणि बांधकाम चाललेलं असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही पेशी त्या जागी नवं घालतात. बिस्फॉस्फोनेट रक्तातून जाऊन हाडातल्या चुन्याला चिकटून बसतं. पाडकाम करणारी पेशी तो भाग खायला आली, की हाडाबरोबर औषधही तिच्या पोटात जातं आणि ती निकामी होते. म्हणजे हे औषध हाड बांधत नाही. ते पाडणाऱ्यांना थोपवतं. बांधणारे आपलं काम करत राहतात, म्हणून एकूण हाड वाढतं. हा फरक लक्षात ठेवा.

समोर बसलेल्या आमच्या वयाच्या मंडळींपैकी बऱ्याच जणींना हे औषध ओळखीचं असेल. आठवड्यातून एक वार ठरलेला, उपाशीपोटी गोळी, भरपूर पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हीच ती. अमेरिकेत तिला १९९५ साली परवानगी मिळाली. आमच्याही घरात त्या गोळीचा वार आहे आणि त्या दिवशी चहा उशिरा मिळतो. पण सत्तरीतल्या बाईची झिजलेली हाडं हा एक विषय आणि चार वर्षांच्या मुलाची जन्मतः ठिसूळ हाडं हा दुसरा. आज आपल्याला त्या दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे.

या आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हाडांची अपुरी घडण. हे नाव ॲमस्टरडॅमच्या व्रोलिक यांनी १८४९ साली दिलं. त्याआधी १७८८ मध्ये स्वीडनमध्ये एकमन नावाच्या विद्यार्थ्याने एका कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या मोडक्या हाडांवर प्रबंध लिहिला होता. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एक मूल असं असतं. काहींना आयुष्यात पाचसात फ्रॅक्चर, बाकी सगळं ठीक. काहींना जन्माच्या वेळीच हातपाय मोडलेले. लंगोट बदलताना मांडीचं हाड मोडतं. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, दात ठिसूळ असतात, मोठेपणी ऐकू कमी येतं.

मूळ दोष चुन्यात नाही, दोऱ्यात आहे. सोलापुरात दोऱ्याबद्दल बोलायला आम्हाला संकोच वाटतो, कारण समोर आमच्यापेक्षा जाणकार बसलेले असतात. तरी सांगतो. हाडात कोलॅजेन नावाचा तीन पदरी पीळ असतो. त्याची रचना जगाला पहिल्यांदा दाखवली ती मद्रासमध्ये, १९५४-५५ साली, गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी. आपल्या देशात झालेलं विसाव्या शतकातलं एक अव्वल दर्जाचं काम, आणि आपल्या किती पदवीधरांना ते माहीत आहे? असो. त्या पिळात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हा सगळ्यात लहान घटक यावाच लागतो, कारण पिळाच्या आत तेवढीच जागा असते. तिथे चुकून मोठा घटक आला की पीळ नीट बसत नाही. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत नेमकं हेच झालेलं असतं, हे १९८० च्या दशकापासून जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट होत गेलं.

घराच्या स्लॅबचं उदाहरण घ्या. कोलॅजेन म्हणजे सळई आणि चुना म्हणजे काँक्रीट. या मुलांची सळई कच्ची आहे. आणि आपण आत्ताच पाहिलं की औषध पाडकाम थांबवतं, म्हणजे काँक्रीट वाढवतं. सळई होती तशीच राहते.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. आजाराचे बहुतेक प्रकार आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून येतात, किंवा कुणाकडूनच न येता नव्याने होतात. पण काही प्रकारांत दोघांकडूनही दोष यावा लागतो, आणि जवळच्या नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची जुनी रीत आहे. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांचा जो पट मांडला, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध बसलेला महाराष्ट्र दिसतो. सोलापूर तर कानडी आणि तेलुगू मुलखाला लागूनच. इथे कुणाला दोष द्यायचा नाही. सांगायचं एवढंच, की या दुहेरी दोषाच्या प्रकारांपैकी निदान एकात हे औषध फारसं लागू पडत नाही. माँट्रियलचे किंवा लंडनचे आकडे उचलून इथल्या मुलाला जसेच्या तसे लावता येतीलच असं नाही.

औषधाच्या आधीचं जग कसं होतं? मुंबईचे लेखक फिरदौस कांगा यांचं नाव इथे घेतलं पाहिजे. १९६० साली एका पारशी घरात जन्म, हाच आजार. १९९० साली त्यांची ‘ट्रायिंग टू ग्रो’ ही इंग्रजी कादंबरी आली, बरीचशी स्वतःच्याच आयुष्यावर. नायकाचं लाडकं नावच ब्रिट, म्हणजे ठिसूळ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अर्धा तुकडा. पुढे १९९७ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि त्यात कांगांनी स्वतःच काम केलं. ती कादंबरी करुण नाही, हे विशेष. खट्याळ आहे. मूल म्हणजे त्याची हाडं नव्हेत हे ती न सांगता सांगते, आणि डॉक्टरांनी एकदा तरी वाचावी असं आम्हाला नेहमी वाटत आलं आहे.

त्या काळी उपाय म्हणजे प्लास्टर, आणि वाकलेल्या हाडाचे तुकडे करून ते मण्यांसारखे स्टीलच्या दांड्यावर ओवणं. ही शस्त्रक्रिया शिकागोच्या सोफील्ड आणि मिलर यांनी १९५९ साली मांडली आणि तिची सुधारलेली रूपं आजही लागतात. आपल्याकडे हाडवैद्य होते, कांडवेलीचा लेप होता. सुश्रुताने हाडमोडीचे बारा प्रकार सांगितले आहेत हे आम्हीही अभिमानाने सांगतो, पण त्या बाराही प्रकारांत हाड मोडायला काहीतरी आघात व्हावा लागतो. इथे तर मूल नुसतं कुशीवर वळलं तरी मोडतं.

आणि औषधं? जे जे हाताला लागलं ते ते देऊन पाहिलं गेलं. जीवनसत्त्वं, हार्मोन. त्यांतच एक होतं सोडियम फ्लोराइड. या फ्लोराइडपाशी आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत, कारण आजच्या विषयाची किल्ली इथे आहे.

फ्लोराइडने हाड घट्ट होतं, हे आपल्या देशाला फार महागात पडून कळलेलं आहे. १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून पहिला अहवाल आला. विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने माणसं वाकली होती, मान वळेना, कणा ताठ झालेला. एक्स-रेत त्यांची हाडं कशी दिसत? पांढरीशुभ्र, भरीव. नुसत्या एक्स-रेवरून ठरवायचं तर आपल्यापेक्षा मजबूत! नलगोंडा आपल्याला ऐकून माहीत आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांतही हे पाणी आहे.

हे सगळं ठाऊक असताना हाडं झिजलेल्या स्त्रियांना फ्लोराइड औषध म्हणून दिलं जात होतं. १९९० साली अमेरिकेतल्या रिग्ज यांनी नीट चाचणी करून निकाल छापला. २०२ स्त्रिया, चार वर्षं. कण्यातल्या हाडाची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आणि कण्याबाहेरची फ्रॅक्चर्स? फ्लोराइड घेणाऱ्यांत ७२, न घेणाऱ्यांत २४. मशीन सांगत होतं हाड सुधारलं, आणि बायकांचे हातपाय मोडत होते.

आम्ही वर्गात ज्ञानमीमांसा शिकवत असताना खुणेचा आणि वस्तूचा फरक सांगायला धुराचं आणि अग्नीचं उदाहरण द्यायचो. तर्कशास्त्राच्या पुस्तकात ते बरं दिसतं. फ्लोराइडचं उदाहरण त्याहून चांगलं आहे. घनता ही बळाची खूण आहे, बळ नव्हे. आणि खूण वाढवणारं औषध वस्तूही वाढवेलच, असं गृहीत धरता येत नाही.

आता बिस्फॉस्फोनेटकडे परत येऊ. १९८७ साली बेल्जियममधून एका मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. हाच आजार, वय बारा, पामिड्रोनेट दिल्यावर सुधारणा. मग कॅनडात माँट्रियलच्या श्रायनर्स रुग्णालयात फ्रान्सिस ग्लोरियो यांनी गंभीर आजाराच्या ३० मुलांना, वय ३ ते १६, सलाइनमधून हे औषध ठरावीक अंतराने दिलं. १९९८ मध्ये निकाल आला. घनता वर्षाला सरासरी ४२ टक्क्यांच्या आसपास वाढली. फ्रॅक्चर्स वर्षाला सरासरी १.७ ने कमी झाली. ३० पैकी १६ मुलांचं हिंडणंफिरणं सुधारलं, बाकीच्यांचं होतं तेवढं राहिलं. आणि सगळ्यांनीच सांगितलं की सततची दुखण्याची ठणक कमी झाली.

हे शेवटचं वाक्य कोणत्याही आकड्याहून मोठं आहे. ज्या मुलाला उचलून घेता येत नाही, ते दुखायचं थांबतं, बसतं, शाळेत जातं. या औषधाच्या धोक्यांबद्दल बोलताना हे विसरणारा माणूस अप्रामाणिक आहे असं आमचं मत आहे.

पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. असायला हवा होता का? शास्त्र म्हणतं हो. ठणकणाऱ्या मुलाची आई म्हणते, आमच्या मुलाला नुसतं सलाइन कशाला? नंतर अशा तुलनेच्या चाचण्या झाल्या, बहुतेक लहान आणि अल्पकाळाच्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रिसेड्रोनेटच्या गोळीवर, पहिल्या वर्षात औषध घेणाऱ्या मुलांपैकी ३१ टक्क्यांना फ्रॅक्चर झालं, न घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांना. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १४ चाचण्या आणि ८१९ रुग्ण एकत्र पाहिले. निष्कर्ष असा, की घनता नक्की वाढते. फ्रॅक्चर सातत्याने कमी होतात का, हे तेवढं स्पष्ट नाही. आणि दूरचे परिणाम अजून अभ्यासायचे आहेत. पुन्हा तोच धूर आणि तोच अग्नी, फरक एवढाच की या वेळी निदान हानी दिसत नव्हती.

दूरचे परिणाम म्हणजे किती दूरचे? पॅरासिटामॉल रात्री घेतलं तर उद्यापर्यंत अंगातून गेलेलं असतं. हे औषध हाडाला चिकटून बसतं आणि वरून नवं हाड चढलं की आत गाडलं जातं. २००७ साली हॉलंडच्या संशोधकांनी दाखवलं, की लहानपणी पामिड्रोनेट घेतलेल्या मुलांच्या लघवीत औषध थांबवून आठ वर्षं झाली तरी ते सापडत होतं. थोडक्यात, बालपणी दिलेलं औषध तारुण्यातही सुटत राहतं. ते थांबवता येतं, काढून घेता येत नाही.

धोके कोणते? पहिल्या सलाइननंतर ताप, अंगदुखी, रक्तातलं कॅल्शियम उतरणं, हे सगळे दोनतीन दिवसांचे पाहुणे. ड जीवनसत्त्व आधी भरून घेतलं तर बराच त्रास टळतो. सोलापूरच्या उन्हातही ही मुलं ड जीवनसत्त्वाला मुकतात, कारण मोडेल म्हणून त्यांना कुणी अंगणात सोडत नाही.

खरा प्रश्न वर्षानुवर्षांचा. पाडकाम फार थोपवलं तर काय होतं, याचा इशारा २००३ साली अमेरिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या हकिगतीतून मिळाला. त्याला ठिसूळ हाडांचा आजार नव्हता, औषध मात्र फार जास्त मात्रेने दिलं गेलं होतं. त्याची हाडं भरीव झाली, आकार बिघडला आणि ती मोडू लागली. त्याच वर्षी जबड्याचं हाड उघडं पडून मरतं अशा रुग्णांची पहिली नोंद झाली. ते बहुतेक कर्करोगाचे रुग्ण होते, मात्रा मोठ्या होत्या. मुलांमध्ये या आजारासाठी औषध दिल्यावर जबड्याचं असं झाल्याचं पुढच्या आढाव्यांत आढळलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण अर्धवट वाचून घाबरणारेच जास्त भेटतात. २००५ पासून आणखी एक गोष्ट पुढे आली. बरीच वर्षं गोळी घेतलेल्या काही बायकांचं मांडीचं हाड भलत्याच ठिकाणी, आडवं, जवळजवळ आघाताशिवाय मोडू लागलं. असं क्वचित होतं. पण २०१० साली अमेरिकेच्या औषध खात्याने त्याबद्दल इशारा दिला. ठिसूळ हाडांच्या मुलांतही अशा आडव्या मोडी नोंदल्या गेल्या आहेत. मग दोष औषधाचा की आजाराचा? ज्याची हाडं मुळात मोडणारच, त्याचं हाड औषधाने मोडलं हे ओळखायचं कसं? आमच्या मते या विषयातली सगळ्यात अवघड अडचण हीच आहे. हानी आजारासारखीच दिसते.

माँट्रियलमध्येच २००४ साली लक्षात आलं, की दांडा घालण्यासाठी मुद्दाम कापलेलं हाड औषध चालू असलेल्या मुलांत सांधायला वेळ लावतं. मग ऑपरेशननंतर काही महिने औषध थांबवायची पद्धत आली, हाड कापायची रीतही बदलली. थांबवण्याचाही घोटाळा आहे. वाढत्या वयात औषध बंद केलं, तर हाडाच्या टोकाला येणारा नवा भाग औषधाविना तयार होतो. जुना भाग टणक, नवा कच्चा, आणि मधल्या सांध्यावर मोड. जुन्या भिंतीला नवी भिंत जोडताना तडा कुठे जातो ते गवंड्याला विचारा. म्हणून पुष्कळ डॉक्टर वाढ पुरी होईपर्यंत कमी मात्रेत औषध चालू ठेवतात. पण म्हणजे एकूण मात्रा वाढली. आणि त्यांतल्या मुली पुढे आया होतात. आतापर्यंत नोंदलेल्या थोड्या उदाहरणांत बाळांना मोठी इजा दिसलेली नाही. पण ती उदाहरणं थोडी आहेत.

आता आमच्या अंगणात येऊ. औषधाच्या हानीचं वय वेगवेगळं असतं. थॅलिडोमाइडची हानी नऊ महिन्यांत जन्माला आली, १९६१ पर्यंत जगाला कळली. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉलचं तसं नव्हतं. गर्भपात होऊ नये म्हणून ते बायकांना दिलं गेलं आणि त्यांच्या मुलींना पंधरा-वीस वर्षांनी एक दुर्मीळ कर्करोग झाला. १९७१ साली बोस्टनच्या हर्ब्स्ट यांनी ते दाखवलं. आठ मुली, त्यांतल्या सातजणींच्या आयांनी हे औषध घेतलेलं. हे कळलं कशामुळे? एका आईने स्वतःहून विचारलं, मी गरोदरपणी अमुक घेतलं होतं, त्याचा काही संबंध असेल का? तिला नाव आठवत होतं. आठवलं नसतं तर?

बिस्फॉस्फोनेट कुणाला असं काही करेल, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते इतकंच, की ज्या औषधाचं आयुष्य दहा वर्षांचं, त्याच्या कागदाचं आयुष्य किती? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे. तीन! पाचव्या वर्षी सलाइन घेतलेल्या मुलीचा कागद आठव्या वर्षी रद्दीत गेला तरी कायदा मोडत नाही, आणि औषध तिच्या मांडीच्या हाडात तेराव्या वर्षीही असतं.

पुढची वाट तर आणखी निसरडी. बाराव्या-चौदाव्या वर्षी बालरुग्ण विभागाचं दार बंद होतं, मोठ्यांच्या विभागात हा आजार पाहिलेला डॉक्टर असेलच असं नाही. घरी प्लास्टिकच्या पिशवीत फाइल असते. मुलीचं स्थळ पाहायची वेळ आली की ती पिशवी माळ्यावर जाते, कधी चुलीत. लोकांना हसू नका. ज्या समाजात मोडलेलं हाड हे मोडणाऱ्या लग्नाचं कारण होतं, तिथे कागद लपवणं हा शहाणपणाच ठरतो. पण पंचविसाव्या वर्षी अक्कलदाढ काढायला गेल्यावर दाताचे डॉक्टर विचारतात, पूर्वी हाडांची काही औषधं? ती म्हणते, लहानपणी सलाइन लावायचे, नाव माहीत नाही.

मघाशी मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: ‘मग औषध द्यायचं की नाही?’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० साली एक कल्पना मांडली, मुलाचा मोकळ्या भविष्यावरचा हक्क. मूल पुढे स्वतः जे ठरवू शकेल, त्याची दारं आपण आज बंद करू नयेत. वरवर पाहता हा युक्तिवाद औषधाच्या विरुद्ध जातो, कारण हाडात गाडलेलं काढता येत नाही. पण उपचाराविना कण्याचे मणके दबत गेले, छाती आकसली, शाळा सुटली, तर दारं त्याहून जास्त बंद होतात. न देणं हाही निर्णयच आहे आणि त्याचेही दूरचे परिणाम आहेत. फक्त ते औषधाच्या नावावर चढत नाहीत. म्हणून वारंवार मोडणाऱ्या, दुखण्याने झोप न लागणाऱ्या मुलाला द्यावं, याबद्दल आम्हाला शंका वाटत नाही. वर्षाकाठी एखादं फ्रॅक्चर होणाऱ्या, पळणाऱ्या मुलाला केवळ मशीनचा आकडा सुधारायला द्यावं का, याबद्दल मात्र दाट शंका वाटते. फ्लोराइड विसरू नका.

आणि तिसरी गोष्ट, जी डॉक्टर आणि पालक दोघांच्याही मध्ये पडून राहते. आपल्या केंद्र सरकारच्या मार्च २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आणि हेच औषध नाव घेऊन नमूद आहे. दुसऱ्या गटात. त्या गटाची व्याख्या अशी, की उपचार दीर्घकाळाचे किंवा जन्मभराचे, खर्च तुलनेने कमी, फायदा सिद्ध झालेला, आणि वर्षातून निदान एकदा तपासणी आवश्यक. शेवटची अट पाहा. औषधाची बाटली सोलापुरात मिळते, सलाइन इथल्या कुठल्याही बऱ्या रुग्णालयात लागतं. वार्षिक तपासणीचं काय? त्या धोरणातलं महाराष्ट्रातलं मूळ उत्कृष्टता केंद्र मुंबईचं केईएम. म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, मांडीवर काचेसारखं मूल, सकाळी दादर, आणि केसपेपरची रांग. दर वर्षी हे जमवणारे आईबाप आम्हाला कुठल्याही तत्त्वज्ञाहून मोठे वाटतात, पण धोरण त्यांच्या मोठेपणावर चालू नये.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ आहे, ‘कागदावर काय लिहून घ्यायचं?’ हे आम्ही डॉक्टर मित्रांना विचारून ठेवलं होतं. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नको. प्रत्येक सलाइनची तारीख, त्या दिवशीचं मुलाचं वजन, किती मिलिग्रॅम दिलं. शेवटची मात्रा कधी. कोणत्या हाडात कधी दांडा घातला. मधे झालेली फ्रॅक्चर्स, हाड नेमकं कुठे आणि कसं मोडलं. जनुकाची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल. एका वहीत, आणि वहीचे फोटो दोन फोनमध्ये. एक फोन मुलाचा, त्याला स्वतःचा मिळाला की. आयसीएमआरची दुर्मीळ आजारांची राष्ट्रीय नोंदवही आहे, नाव रुग्णालयामार्फत जातं. पुढच्या खेपेला गेलात की आपल्या मुलाचं नाव त्यात आहे का, हे विचारा.